मनोगत कोणाचं?

दहावीच्या सराव परीक्षेचा गठ्ठा तपासत होतो. निबंधाचा विषय नेहमीचाच, 'शेतकऱ्याचे मनोगत'. 62 उत्तरपत्रिका आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त 'होय, मी शेतकरी बोलतोय!' या ओळीने सुरू झालेल्या. मग 'काळी आई', मग 'जगाचा पोशिंदा', मग 'आभाळाकडे डोळे लावून बसलो', मग कर्जाचा डोंगर, आणि शेवटी 'ऐकाल ना माझी व्यथा?' उद्गारचिन्हंसुद्धा ठरलेल्या जागी. आमची शाळा कराडच्या बाजूच्या एका गावात आहे. वर्गातल्या दोनतृतीयांश पोरांच्या घरी शेती. म्हणजे ज्याच्या बापाच्या अंगावर सकाळी शेताचा चिखल होता, तो पोरगा दुपारी परीक्षेत बसून एका अनोळखी शेतकऱ्याचं पाठ केलेलं दुःख उतरवत होता. शुद्धलेखन चांगलं असेल तर मी आठपैकी सात देत होतो. हे मी 24 वर्षं केलं आहे, तेव्हा पुढे जे काही म्हणणार आहे ते स्वतःला वगळून म्हणत नाही.

हे सगळं आठवायचं कारण असं की सध्या शिक्षकखोलीत एकच विषय आहे. मोबाइलवर विषय टाकला की निबंध तयार होऊन येतो. सहकारी हवालदिल झालेत: आता पोरं स्वतःचं काही लिहिणारच नाहीत, मराठीतली मौलिकता संपली. मी पण त्या यंत्राला 'शेतकऱ्याचे मनोगत' लिहायला सांगून पाहिलं. दहा-बारा सेकंदांत आलं. काळी आई होती, पोशिंदा होता, आभाळाकडे लागलेले डोळे होते. व्याकरणाची चूक एकही नव्हती. वाचताना मला राग यायला हवा होता, पण आली ओळखीची लाज. हे यंत्राने कुठून आणलं? आमच्याकडूनच. गाइडं आम्ही लिहिली, फळ्यावर 'मुद्दे' आम्ही दिले, पाठांतर आम्ही करून घेतलं. कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो, आणि त्या स्वमताची तयार उत्तरं बाजारात मिळतात. मुलं दुसऱ्याने छापलेलं स्वमत पाठ करतात. या शब्दाची एवढी थट्टा कुठल्या विनोदी लेखकानेही केली नसेल.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं, की आपण चुकीचा प्रश्न विचारतो आहोत. 'हे तू स्वतः लिहिलंस का?' असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. विचारायचं तर असं विचारावं: हे लिहिण्याआधी तू कोणाला विचारलंस?

नव्या शब्दांची, आधी कोणी न लिहिलेल्या ओळीची जी मातब्बरी आज आहे, ती आपल्या भाषेत नेहमीच नव्हती. ज्ञानेश्वरांनी ग्रंथ संपवताना स्वतःच्या मौलिकतेचा डांगोरा पिटला नाही. व्यासांचा मागोवा घेत, 'भाष्यकारांतें वाट पुसतु' आपण इथवर आलो, असं ते म्हणतात. ज्यांच्या मराठीने पुढची सातशे वर्षं घडवली त्यांनी आपलं वर्णन वाट विचारत जाणारा असं केलं आहे. एकनाथांनी 1584 मध्ये त्या ग्रंथाची पाठशुद्धी केली आणि शेवटी बजावून ठेवलं, की या ओव्यांत जो आपली नवी मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. तिथे नवेपणाच गुन्हा ठरला. नाथ स्वतः ओवीवर ओवी रचणारे कवी होते, त्यांना रचता येत नव्हतं म्हणून ते असं म्हणाले नाहीत हे लक्षात घ्यावं.

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून त्या गोळा केल्या, संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यात सीता आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, पंढरी आहे. प्रतिमा त्याच त्या. एका गावची ओवी दोन शब्द बदलून दुसऱ्या गावात भेटते. आजच्या मोजमापाने बघितलं तर ही सगळी उचलेगिरी ठरेल. आणि तरी ओव्यांची सुरुवात होते ती 'पहिली माझी ओवी' अशी. माझी! जी ओवी आईने म्हटली, आजीने म्हटली, शेजारणीने काल पहाटे म्हटली, तिला ही बाई बेधडक माझी म्हणते आणि कोणाला त्यात खोटं वाटत नाही. कारण भावाची वाट बघायचे शब्द जुने असले तरी वाट ती बघत असते, आणि जात्याच्या खुंट्याला समोरून हात लावून बसलेल्या दुसऱ्या बाईला ते ठाऊक असतं. साचा सगळ्यांचा असतो. दळण ज्याचं त्याचं.

म्हणून 'साचेबंद लिहितात' ही पोरांबद्दलची तक्रार मला पुरेशी वाटत नाही. साच्याशिवाय कोणीच लिहायला शिकत नाही. आमच्या पिढीला 'तीर्थरूप', 'सा. न. वि. वि.', 'इकडील सर्व क्षेम' हे साचे छडीच्या धाकाने शिकवले, आणि त्या साच्यांतून माणसांनी काय काय पोचवलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते, पाटण तालुक्यातल्या एका वाडीत. अर्धी वाडी मुंबईला गिरणीत. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बायका पोस्टकार्डं घेऊन यायच्या आणि वडील लिहायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि दोनतीन महिन्यांत वाडीवर येणाऱ्या मनिऑर्डरी आटत गेल्या. मी तेव्हा सातवीत होतो. वरच्या आळीची एक काकी आली. नवरा परळला कुठल्याशा गाळ्यात, चार महिने पैसा नाही. वडिलांनी मायना लिहिला, क्षेमकुशल लिहिलं, आणि तिला न विचारताच पुढची ओळ ओढली, 'घरात फार अडचण आहे, जमेल तसे पैसे पाठवावेत.' मग सवयीप्रमाणे वाचून दाखवलं.

काकी म्हणाली, "तसं नगं मास्तर. ते खोडा. असं लिवा, म्हशीचं दूध चालू झालंय, आमचं भागतंय."

वडिलांनी विचारलं, "म्हस व्याली?"

"न्हाय. भाकडच हाय. पर लिवा."

वडील थोडा वेळ पेन धरून बसले. मग त्यांनी आपली ओळ खोडली आणि तिची लिहिली. पोस्टकार्डावर खाडाखोड झाली म्हणून ते हळहळले नाहीत, एरवी हळहळायचे. काकी अंगठा उठवणारी बाई होती, तिला 'क' सुद्धा काढता येत नव्हता. पण त्या पत्राची लेखिका कोण असा प्रश्न मला आज कोणी केला तर माझ्या मनात शंका नाही. अक्षर मास्तरांचं, मायना शेकडो वर्षांचा, आणि म्हशीची ओळ तिची. परळच्या त्या गाळ्यात, खिशात दमडी नसलेला माणूस हे कार्ड कोणाकडून तरी वाचून घेईल तेव्हा त्याच्या पोटात काय होईल, हे तिने इथे ओट्यावर बसून आधी भोगलं आणि त्यावर एक भाकड म्हैस व्यायला लावली. याला मी निर्मिती म्हणतो. सहानुभूती, समानुभूती असे जड शब्द आपण करून ठेवलेत. घरातला शब्द कळवळा. कळ आणि कळणं हे दोन शब्द मराठीत शेजारी राहतात, व्युत्पत्ती काय असेल ती पंडितांनी बघावी.

आणि वडिलांचं काय? त्यांची लायकी एवढीच की त्यांनी वाचून दाखवलं. पहिली ओळ त्यांची स्वतःची होती, म्हणजे 'मौलिक' होती, आणि ती चुकीची होती.

इथे तुकोबांची आठवण काढावीच लागते, कारण या विषयावर त्यांच्या इतकं अडचणीचं कोणी बोललेलं नाही. एकीकडे ते म्हणतात, 'आपुलिया बळें नाहीं मी बोलत'. साळुंकी गोड बोलते पण शिकवणारा धनी वेगळाच, मी पामराने काय बोलावं, त्या विश्वंभराने बोलवलं. म्हणजे कर्तेपणाचा दावाच सोडून दिला. दुसरीकडे सालोमालो नावाच्या कोणावर त्यांचा असा संताप, की 'अवघें बचमंगळ केलें, म्हणती एकाचें आपुलें'. सगळा विचका केला, एकाचं आपलं म्हणून सांगतात. शब्द तुमचे नव्हतेच, तर मग कोणी नेले म्हणून एवढं लागायचं कारण काय? लोक याला विसंगती म्हणतात. मला पुढची ओळ महत्त्वाची वाटते: 'मोडूनि संतांची वचनें, करिती आपणां भूषणें'. नेलं याचा राग आहेच, पण त्याहून मोठा राग मोडल्याचा आणि दागिना केल्याचा आहे. ज्या शब्दासाठी कोणी रात्र जागून काढली तो शब्द तोडून, घासून, गळ्यात घालून मिरवायचा. साळुंकी निदान मिरवत नाही.

आमच्या निबंधातली 'काळी आई' हा तसाच मोडलेला दागिना आहे. कधीतरी, कुठल्यातरी माणसाने जमिनीला खरोखर आई म्हटलं असेल, विकताना म्हटलं असेल. आता ती एका गुणाची आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. दुसऱ्याच्या दुःखावर 'मी' म्हणून बोलायचा अधिकार मुळात कोणालाही आहे का? जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं आपणच म्हणतो. मराठी साहित्यात हा प्रश्न साठ-सत्तरच्या दशकांत दलित लेखकांनी फार धारदारपणे विचारला, की तुमचा कळवळा आम्हाला नको, आमचं आम्ही सांगू. सांगितलंही. आधीच्या कथाकादंबऱ्यांतली पांढरपेशी दया त्यानंतर वाचवेना, आणि ते योग्यच झालं. म्हणून शाळेत 'पूरग्रस्ताचे मनोगत', 'कचरावेचक मुलीचे मनोगत' असले विषय देताना माझा हात अलीकडे अडखळतो. पाच मिनिटांत पूरग्रस्त होऊन, दहा मिनिटांत दुःख मांडून, शेवटच्या परिच्छेदात आशेचा किरण दाखवून पोरगं मोकळं. 2019 च्या पुरात आमच्याकडची कोयना-कृष्णाकाठची किती घरं पाण्यात होती ते त्याच पोराच्या मावशीला ठाऊक असतं. तिला फोन लावायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण गाइडात सगळं आहे.

पण त्या दलित आत्मकथनांतलंच एक बघा. 1978 साली आलेल्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी सरळ 'मी' म्हणून सुरुवात केलेली नाही. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि लिहिणारा दोन्ही एकच माणूस, तरी लिहिणाऱ्याला आधी ऐकायला बसावं लागलं. स्वतःचं आयुष्य सांगतानाही शिकलेल्या माणसाला आपल्यातल्या न शिकलेल्याला विचारावं लागतं, की बाबा, नेमकं काय झालं होतं? तेव्हा अधिकाराचं उत्तर माझ्यापुरतं असं आहे, की दुसऱ्याच्या वतीने बोलायला हरकत नाही, पण ज्याच्या वतीने बोललास त्याला 'ते खोडा' म्हणायची सोय तू ठेवली आहेस का? काकीला ती सोय होती. निबंधातल्या शेतकऱ्याला नाही.

यंत्राबद्दल माझी भूमिका यातूनच निघते आणि ती सहकाऱ्यांना पटत नाही. तलाठ्याकडे अर्ज, पीकविम्याची तक्रार, बँकेला पत्र यांसाठी कोणी यंत्र वापरत असेल तर खुशाल वापरावं. ओट्यावरचे मास्तर आता उरले नाहीत आणि कार्यालयीन मराठी ही सामान्य माणसाला अडवण्यासाठीच घडवली आहे की काय असं मला कधीकधी वाटतं. उद्या एखादी काकी यंत्राने लिहिलेलं ऐकून म्हणाली, 'तसं नको, म्हशीचं लिही', तर ते पत्र तिचंच. भीती मला वेगळ्याची वाटते. मागच्या वर्षी आमचे एक निवृत्त सहकारी गेले. ग्रुपवर 40-45 संदेश आले. निम्मे नुसते 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्यांचं मला काही वाटलं नाही, तोही साचाच, आणि दुःखात साचा उपयोगी पडतो. एकाने मात्र लांबलचक गद्य टाकलं. 'त्यांचे शांत, संयमी आणि मृदू व्यक्तिमत्त्व सदैव प्रेरणा देत राहील.' गेलेले सर शाळेतले सगळ्यांत तापट गृहस्थ होते. खडू फेकून मारायचे, आणि संध्याकाळी त्याच पोराला सायकलवर डबलसीट घरी सोडायचे. ज्याने तो मजकूर टाकला त्याने सरांच्या बरोबर 15 वर्षं काम केलं होतं. त्याला सर ठाऊक नव्हते असं नाही. त्याने स्वतःलाच विचारलं नाही. आणि यंत्र विचारत बसत नाही. दिलेल्या नावापुढे ते एक सभ्य माणूस उभा करून मोकळं होतं.

कायद्याने या बाबतीत बरंच आधी एक शहाणपण दाखवलं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार, संगणकाने तयार केलेल्या साहित्यकृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती. आजच्या यंत्रांना हे कलम जसंच्या तसं लागू होतं का, यावर वकील भांडतील. मला त्यातली दिशा आवडते. बटण दाबलंस ना, मग उत्तर तू द्यायचं. 'ते यंत्राने लिहिलं' ही सबब चालणार नाही, जशी 'गाइडात असंच होतं' ही मी पोरांची चालवून घ्यायला नको होती.

तर, ज्या गठ्ठ्याने सुरुवात केली तिथे परत येतो. त्यातला एक पेपर नीट लिहिलेला होता, सात गुणांचा. पोराचे वडील सोयाबीन करतात हे मला माहीत होतं. पेपर वाटताना मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुझे अण्णा असं बोलतात का रे? काळी आई वगैरे?"

तो हसायला लागला. "सर, अण्णा असलं कशाला बोलतील? रानात गेल्यावर अण्णा बोलतच न्हाईत."

"मग घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर मोबाइलवर भाव बघतात."

मी त्याला म्हटलं, आठवडाभराने दुसरा निबंध आण, गुण नाहीत, पण अण्णांना विचारून आण आणि त्यांना वाचून दाखवून आण. पोरगं नाराज झालं. गुण नसलेलं काम दहावीच्या वर्षात कोण करतो? तरी आणलं, वहीच्या पाठच्या पानावर, अकरा ओळी. सोयाबीन काढायच्या टायमाला पाऊस आला. गंजीवर ताडपत्री टाकली पण खालून पाणी शिरलं. मळून कट्टे भरले आणि टेम्पो करून केंद्रावर नेले. हमीभाव क्विंटलला 4,892 होता. तिथल्या माणसाने मशीन लावलं आणि मॉइश्चर जास्त म्हणाला, बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. कट्टे परत आणले. टेम्पोचं भाडं दोन्ही वेळचं गेलं. अंगणात पसरून चार दिवस वाळवले, आई रात्री उठून ढग आलेत का बघायची. शेवटी व्यापाऱ्याला घातले. किती रुपयांनी घातले ते अण्णांनी सांगितलं नाही.

यात उद्गारचिन्ह एकही नव्हतं. 'टायमाला' आणि 'मॉइश्चर' मी लाल पेनने खुणावणार होतो, हात पुढे गेलाही होता. मग दिसलं की नववी ओळ पूर्ण खोडलेली आहे, इतकी दाबून की कागद मागून उठला होता.

"हे काय होतं?"

"अण्णांनी खोडलं सर. म्हणाले, हे नको, आजी वाचायला लावती वही."

खाली काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. पान उजेडाकडे धरलं असतं तर कदाचित दिसलं असतं. वही मिटून त्याच्या हातात दिली.